‘कृतार्थ’ सोसायटी उतरवताना

दत्ता,

तुझ्याविषयी चार चांगले शब्द लिहून द्यावेत, असे मला सांगण्यात आले आहे. तुला अग्नी देऊन परतलो तेव्हापासून मी ते शोधतो आहे. सापडतात ते सगळे तुझ्या तोंडावर बोलायचे राहून गेलेले कडू शब्द.

शोकसभेत मी बोललो नाही. मुलुंडच्या त्या लहानशा सभागृहात लोक तुझे विनोद एकमेकांना सांगत होते आणि हसता हसता डोळे पुसत होते. एक गृहस्थ उठून म्हणाले, "दत्तारामांनी आपल्याला एकच शिकवलं. मुक्काम महत्त्वाचा नाही, प्रवास हाच आयुष्याचा अर्थ!" यावर टाळ्या पडल्या. शोकसभेत टाळ्या! तुला फार आवडले असते. मी शेवटच्या रांगेत हात मांडीवर ठेवून बसलो होतो आणि माझ्या मनात तुझ्याविषयी जे येत होते ते त्या सभेत कोणालाही सांगण्यासारखे नव्हते. हळू बोलणारा माणूस म्हणून लोक मला ओळखतात. रागही मला हळूच येतो, पण आला की मुक्कामाला राहतो.

सभा संपल्यावर तुझ्या प्रकाशकांनी मला जिन्यात गाठले.

"गुरुजी, शेवटचं प्रकरण राहिलंय. ते तुम्हीच लिहायचं. त्यांची ओळ न् ओळ तुम्ही तपासलीय."

"त्याला शेवट नको होता," मी म्हणालो.

"त्यांना नको असेल हो, वाचकांना हवाय ना! किती वर्षं नुसती हिंडतेय ती बिल्डिंग. उतरवा आता एकदाची."

त्या क्षणी माझ्या मनात एक आनंद चमकून गेला. त्याची मला लाज वाटते, तरीही तो लपवत नाही. मला वाटले, आता हा वाद मी जिंकणार. तुझी इमारत मी उतरवणार आणि तू काहीही करू शकणार नाहीस.

ज्यांनी तुला वाचलेले नाही त्यांच्यासाठी एवढे सांगतो. तुझ्या ‘अधांतरी बिऱ्हाड’ या कादंबरीमालिकेत मुलुंडची कृतार्थ सहकारी गृहनिर्माण संस्था एका सकाळी पायासकट जमिनीवरून उचलली जाते. तीन मजले, लिफ्ट नाही, आणि बिल्डरने सिमेंटात काय मिसळले होते ते कोणालाच ठाऊक नाही. आतले सभासद ठरवतात की निघालोच आहोत तर आयुष्याचा अर्थ काय तेवढे विचारून येऊ. प्रत्येक ग्रहावर त्यांना सांगितले जाते की ते खाते इथे नाही, पुढच्या ग्रहावर चौकशी करा. दरम्यान वार्षिक सर्वसाधारण सभा भरत राहतात. शनीची कडी कोणाच्या गॅलरीतून जास्त दिसतात यावरून दोन कुटुंबांचे बोलणे बंद होते. धूमकेतूच्या शेपटीत वाळत घातलेल्या चादरी कोणाच्या, यावरून चौकशी समिती बसते. पुस्तकामागून पुस्तक येत गेले आणि इमारत कुठेच उतरली नाही.

विक्रोळीच्या कारखान्यात तू यंत्रांचे आराखडे काढायचास. बाद झालेल्या आराखड्यांच्या कोऱ्या बाजूवर ही प्रकरणे लिहून तू माझ्याकडे तपासायला आणायचास. पानाच्या एका अंगाला व्हॉल्व्हचा छेद, दुसऱ्या अंगाला गुरूचे चंद्र. मी लाल पेन्सिल घेऊन बसायचो. ऱ्हस्व-दीर्घ सुधारायचो आणि दर वेळी समासात एकच प्रश्न लिहायचो : पोहोचणार कधी?

त्या प्रश्नाचे तू काय केलेस, ते मी विसरलेलो नाही. पहिल्याच पुस्तकात तू दुसऱ्या मजल्यावर एक मास्तर आणून बसवलास. कृश, छत्रीधारी, परग्रहावरच्या पाट्यांतले शुद्धलेखन सुधारणारा, दर चार पानांनी "पण आपण पोचणार कधी?" असे विचारणारा. त्याचे नाव तू ठेवलेस अचूक गुरुजी. पुस्तक बाजारात आल्यानंतर मी वर्गात शिरलो, तर फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलेले होते : गुरुजी, पोचणार कधी? सगळा वर्ग खाली मान घालून हसत होता. मी फळा पुसला आणि कविता शिकवायला घेतली. माझा आवाज त्या दिवशी नेहमीपेक्षाही खाली गेला होता.

संध्याकाळी मी तुझ्या चाळीत आलो.

"दत्ता, हा मी आहे."

"छे रे! तो छत्री उजव्या हातात धरतो. तू डाव्या."

"सगळी शाळा मला अचूक गुरुजी म्हणते आहे."

"मग वाईट काय त्यात? चुकीचे गुरुजी म्हणाले असते तर?"

तू हसलास. आत वहिनींनी स्टोव्हचा आवाज कमी केला, एवढे मला आठवते. त्यानंतर बरेच दिवस मी तुझ्याशी बोललो नाही. तू मात्र रोज माझ्या दारावरून जाताना मोठ्याने विचारायचास, "गुरुजी, राग पोचणार कधी?" आणि एके दिवशी मला हसू आले. ते हसू मी तुला अजून माफ केलेले नाही. मला अजून रागावलेले राहायचे होते.

तुझ्या विनोदाशी माझे भांडण नव्हते. तू त्याच्या आड राहत होतास, याच्याशी होते. मुख्याध्यापकाची जागा मला मिळायची ती मिळाली नाही, तेव्हा मी शाळेतून येऊन अंधारात बसून राहू लागलो होतो. तू आलास, दिवा लावलास आणि काहीही न विचारता नवे प्रकरण वाचायला सुरुवात केलीस. कृतार्थ सोसायटीच्या सेक्रेटरीला एका ग्रहाचे सम्राटपद देऊ करतात आणि तो विचारतो, "पार्किंग आहे का?" मुलुंडच्या त्या सेक्रेटरीकडे सायकलसुद्धा नव्हती. मी इतका हसलो की शेजारच्यांनी दार वाजवले. त्या संध्याकाळी तू मला वाचवलेस. याबद्दल मी तुझा ऋणी आहे आणि हे ऋण मान्य करताना माझे दात आवळले जात आहेत. कारण त्या संध्याकाळी, किंवा त्यानंतर कधीही, तू मला एकदासुद्धा विचारले नाहीस, "अन्या, कसा आहेस?" मी उत्तर दिले असते. बरेच लांबलचक दिले असते. कदाचित तू त्यालाच भीत असशील.

आणि मी तरी कुठे विचारले? हा प्रश्न आता लिहिताना समोर येतो आहे. त्याला बगल देणार नाही, पण त्यामुळे तुझा दोष कमी होतो असेही मानणार नाही.

पवईच्या तलावावर आपण रविवारी जायचो. तिथे गळ टाकून बसलेली माणसे तुला अतिशय प्रिय होती. "बघ, ह्यांना म्हणतात ज्ञानी," तू म्हणायचास. "मासा लागो न लागो, बसण्यातच सगळं आहे." मी म्हणायचो, गळ टाकणाऱ्याला मासा हवाच असतो, नाहीतर त्याने गळ कशाला टाकला असता? एकदा वाद फारच वाढला तेव्हा तू सरळ एका सुटलेल्या पोटाच्या गृहस्थांपाशी जाऊन उभा राहिलास.

"काय काका, मासा नाही मिळाला तरी मजा येते ना?"

त्यांनी पाण्यावरची नजर हलवली नाही. "मजा? घरी बायको मसाला वाटून बसलीय!"

मी जिंकलो होतो. पण सगळ्यात जास्त तूच हसलास, बांधावर बसून, पोट धरून. हसताना गावाकडच्या बोलीवर गेलास आणि मला म्हणालास, "तुका कसली घाई इली हा रे?" पुढच्या पुस्तकात ते गृहस्थ मसाल्यासकट आले. माझा विजयसुद्धा तू तुझ्या खात्यात जमा करून टाकलास.

आता तुझ्या सर्वांत प्रसिद्ध प्रसंगाविषयी लिहिणे भाग आहे, कारण त्यातच तू मला कायमचे अडकवून गेला आहेस. इमारत वीतभर वर उचलली गेलेली असते, पण पुढे सरकत नाही. तिला चालवणारा यंत्रमेंदू शब्द जसाच्या तसा घेणारा. गॅलऱ्यांत उभे राहून सभासद खालच्या नातेवाइकांना निरोप देतात, "येतो हं!" यंत्र ऐकते : येतो. म्हणजे यायचे आहे. इमारत पुन्हा खाली बसते. पुन्हा उचलली जाते, पुन्हा कोणी आजीला सांगतो, "येतो गं," पुन्हा ती खाली. ‘जातो’ म्हणायला अख्ख्या सोसायटीत एकही माणूस तयार नाही, कारण आपल्या घरांतून बाहेर पडताना माणूस ‘येतो’ म्हणतो. जातात ते फक्त मेलेले. पानेच्या पाने हा गोंधळ चालतो. शेवटी अचूक गुरुजी छत्री मिटून म्हणतात, "व्याकरणदृष्ट्या ‘जातो’ हेच शुद्ध आहे," आणि इमारत जी सुटते ती मालिकाभर थांबत नाही.

घाटकोपरच्या इस्पितळात तुझ्या खाटेशी मी बसलो होतो, तेव्हाही आपण भांडतच होतो. वहिनी चहा आणायला खाली गेल्या होत्या.

"पोचव रे त्यांना आता," मी म्हणालो. "किती छळशील?"

"पोचून काय करतील?"

"विश्रांती घेतील."

"ती इथेही घेता येते," तू सलाइनच्या बाटलीकडे बोट दाखवून म्हणालास. "जेवण मात्र वाईट आहे."

भेटीची वेळ संपली. मी उठलो, छत्री घेतली आणि म्हणालो, "येतो."

तू म्हणालास, "जातो मी."

आणि मी, दत्ता, मी तुझे वाक्य सुधारले. "जाणारा मी आहे," मी म्हणालो. "आणि ‘येतो’ म्हणावं."

"अचूक, गुरुजी," तू म्हणालास आणि भिंतीकडे वळलास. मी जिना उतरताना हसत होतो.

तो विनोद होता की निरोप, ते मला कळलेले नाही. आता कधीही कळणार नाही. राग आहे तो याच गोष्टीचा. मरणासारखी गोष्ट तू तुझ्याच जुन्या कोटीत गुंडाळून माझ्या हातात ठेवलीस आणि मी तिच्यातले शुद्धलेखन तपासले. तुला भीती वाटत होती का? वाटत असेल तर सरळ मराठीत सांगायला तुला काय झाले होते? पस्तीस शब्द लागले असते, पाच लागले असते. मी तिथेच बसलो असतो. इस्पितळाच्या माणसांनी बाहेर काढले असते तर जिन्यात बसलो असतो.

तेराव्यानंतर मी वहिनींकडे गेलो. शेवटाविषयी प्रकाशक काय म्हणतात ते मी त्यांना सांगितले आणि त्यांचे मत विचारले. त्या मेथी निवडत होत्या.

"उतरवा हो भावजी," त्या म्हणाल्या. "मला कंटाळा आलाय त्या बिल्डिंगीचा. ह्यांचं सगळं तिकडे, तिसऱ्या ग्रहावर, चौथ्या ग्रहावर. आणि आम्ही इथे दोन खोल्यांत. एकदा पोचू द्या सगळ्यांना."

मला हेच हवे होते. मी घरी आलो आणि सुटीतले दिवस घालवून प्रकरण लिहिले. कृतार्थ सोसायटी एका शांत, हिरव्या ग्रहावर उतरते. सगळे सभासद मैदानात जमतात. सेक्रेटरी, खजिनदार, भांडलेली दोन कुटुंबे. ग्रहाचा वृद्ध अधिपती त्यांना आयुष्याचा अर्थ सांगतो. तो अर्थ मी फार परिश्रमाने लिहिला होता. कर्तव्य, मैत्री, समाधान, सगळे त्यात होते. शेवटी अचूक गुरुजी म्हणतात, "पोहोचलो." मी तो शब्द मुद्दाम पूर्ण लिहिला होता.

वहिनींना मी ते वाचून दाखवले. त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतले. मग म्हणाल्या, "भावजी, रागावू नका. पण हा तुमच्या शाळेतला फळ्यावरचा सुविचार वाटतो."

मी रागावलो नाही. ते खरे होते.

"आणि मालतीबाई?" त्यांनी विचारले.

"त्यांचं काय?"

"त्या उतरल्या का?"

मी पाने चाळली. मालतीबाई तिसऱ्या मजल्यावर राहतात. तुझ्या प्रत्येक पुस्तकात त्या आहेत. सभा भरली की चहा त्यांच्याकडून येतो, आणि "मालतीबाई, चहा!" अशी हाक खालून गेली की वरून त्यांचे एकच वाक्य ऐकू येते, "आत्ता देते." वाचक त्या वाक्याची वाट बघतात. उल्का आदळली, "आत्ता देते." काळ उलटा वाहू लागला, "आत्ता देते." शनीची कडी बघायला सगळी सोसायटी गॅलरीत लोटली तेव्हाही स्वयंपाकघरातून तेवढेच.

माझ्या मैदानात मालतीबाई नव्हत्या. अधिपती आयुष्याचा अर्थ सांगत असताना त्या वरच होत्या. त्यांना मी विसरलो होतो.

"ते ‘आत्ता देते’ माझं आहे," वहिनी म्हणाल्या. "ह्यांनी पहिल्यांदा वाचून दाखवलं तेव्हा मीसुद्धा हसले. मग पुढच्या पुस्तकात आलं, त्याच्या पुढच्याही. तुम्ही निदान येऊन भांडलात, तो मास्तर मी आहे म्हणून. मी ऐकलंय आतून. मी कोणाशी भांडू? एकदा नुसतं म्हटलं, अहो, त्या बाईला एकदा तरी गॅलरीत आणा, शनी बघू दे. तर म्हणाले, अगं, ती गॅलरीत आली तर विनोदच गेला."

दत्ता, ही गोष्ट तू मला कधी सांगितली नाहीस. सांगितली असतीस तर मी तुझ्या बाजूने बोललो असतो, हे मला ठाऊक आहे. ‘आत्ता’मधला दुसरा त मीच तुझ्या पहिल्या हस्तलिखितात घातला होता. त्या वाक्यावर मी एवढेच काम केले. तू प्रवासाचे गोडवे गायलेस, मी मुक्कामाचे. आपण दोघे पवईच्या बांधावर बसून वर्षानुवर्षे भांडलो आणि आपल्या दोघांच्याही इमारतीत एक बाई चहाशी उभी होती. तुझ्यावरचा माझा राग यामुळे कमी झालेला नाही. त्याला आता एक वाटेकरी मिळाला आहे, आणि तो मी आहे.

"सांगा, मालतीबाईंनी उतरून काय करावं?" मी वहिनींना विचारले. "अर्थ त्यांना सांगू या का? एकट्यांना?"

"नको बाई! कोण ऐकतंय ते? नुसती उतरू दे तिला. गॅस बंद करू दे, दाराला कडी लावू दे. आणि भावजी..." त्यांनी मेथीची जुडी खाली ठेवली. "तिला लगेच खाली पोचवू नका. तीन मजले आहेत. इतकी वर्षं ती वरच आहे. उतरताना बघू दे जरा तिला. कोणाच्या दारात काय आहे, जिन्याच्या खिडकीतून काय दिसतं. तुम्हांला सगळ्यांना घाई फार."

वहिनी हे तुझ्यासारखे बोलल्या, असे मी म्हणणार नाही. तू हे कधी बोललाच नाहीस. प्रवास म्हणजे आयुष्याचा अर्थ, असे तू लिहीत राहिलास, पण तुझ्या प्रवासात ज्यांनी एक पाऊलही टाकले नाही, त्यांना हिशेबातच धरले नाहीस. अर्थ प्रवासात असतो, हे मला आता पटले आहे. ते तुझ्यामुळे पटले, असे मात्र शोकसभांतून कोणी सांगू नये. शोकसभेतल्या त्या गृहस्थांनी टाळ्या घेतल्या त्या माझ्या मते चुकीच्या घरी पडल्या.

मी माझा हिरवा ग्रह फाडून टाकला. अधिपतीही गेला, सुविचारही गेला. इमारत कुठल्या ग्रहावर उतरली आहे, ते मी लिहिलेलेच नाही. मालतीबाईंनी गॅस बंद केला आहे. खालून हाक आली, "मालतीबाई, चहा!" आणि त्यांनी काहीही उत्तर दिलेले नाही. यंत्रमेंदूने विचारले, "येता की जाता?" त्यालाही नाही. तिसऱ्या मजल्याच्या जिन्यात त्या एका बंद दाराशी थांबल्या, त्यावरची पाटी वाचली आणि त्या घरातल्या बाईचे नाव त्यांना पहिल्यांदा कळले. जिन्याच्या खिडकीशी त्या बराच वेळ उभ्या राहिल्या. तिथून काय दिसते, ते मी रोज थोडे थोडे लिहितो आणि वहिनींना वाचून दाखवतो. त्या कधी "हं" म्हणतात, कधी "खिडकीला जाळी आहे, ती लिहा" म्हणतात. काल त्या हसल्या. तुझ्या कुठल्याही विनोदाला त्या अशा हसल्या नसाव्यात, असे मला वाटते. हे मी तुला खिजवण्यासाठी लिहितो आहे.

प्रकाशकांचे दोन निरोप येऊन गेले. दिवाळी जवळ आली आहे, छपाई अडली आहे, गुरुजी, उतरवताय ना? मालतीबाई अजून दुसऱ्या मजल्यावरच आहेत. मी त्यांना घाई करणार नाही. तू खाली मैदानात उभा असशील तर उभा राहा. चहा मागू नकोस. वाट बघ.